पोळ्याच्या दिवशी न लागलेला ब्रेक

माझा स्वभाव तापट आहे, हे मला कुणी वेगळं सांगायला नको. दारव्ह्याच्या कोर्टात उभी हयात वकिली केली. निम्म्या केसेस कायद्याने जिंकल्या, निम्म्या आवाजाने. त्यांतल्या बहुतेक आता आठवतही नाहीत. पण कोर्टाबाहेर, बसस्टँडमागच्या एका गॅरेजात, मी एका मिस्त्रीवर जी केस जिंकली ती आठवली की अजून कानशिलं गरम होतात.

साठ सालच्या आगेमागे मी एक जुनी विलायती मोटार घेतली. गावात तेव्हा मोटारी मोजक्याच होत्या. एक कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मॅनेजरची, एक आमच्यातल्या ज्येष्ठ वकिलांची, एक डॉक्टरांची आणि ही माझी. ती आली तशी वडिलांची दमणी बंद झाली. दमणी म्हणजे माणसं नेण्याची हलकी बैलगाडी. तिचे बैल बोरी अरबच्या आमच्या शेतावर राहिले आणि गुडघे धरले म्हणून वडील शेत सोडून माझ्याकडे राहायला आले. घरामागचा गोठा रिकामा होता, त्यात मी मोटार ठेवू लागलो. गोठा इतका अरुंद की गाडीची डावी बाजू भिंतीला चिकटवायची आणि उजवीकडून पोट आत ओढून उतरायचं.

मिस्त्री माझ्याहून थोडा मोठा, मुसलमान, अबोल. लिंबाच्या झाडाखाली टिनाचं शेड, हेच त्याचं गॅरेज. गाडीतून काढलेला जुना भाग तो गोणपाटावर मांडून दाखवायचा आणि मगच गाडी परत द्यायचा. वडिलांचं आणि त्याचं फार जमलं. गाडी गॅरेजात गेली की वडीलही जात, बाकावर बसत आणि बैलबाजारात चौकशी करावी तशी करत. ही पाणी किती पिते, हिला घाटात दम लागतो का, हिचा भार कुठे पडतो. मिस्त्री काम न थांबवता सांगायचा, "समदा भार चाकावरच असते, आबाजी." मला ही बडबड ऐकून कंटाळा यायचा. मी बाहेर उभा राहून घड्याळ बघायचो.

त्या वर्षी ऐन पोळ्याच्या तोंडावर गाडीचं पाणी उकळायला लागलं. रेडिएटर गळत होता. मिस्त्रीने तो काढला, डाग देऊन पुन्हा बसवला आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी गाडी स्वतः आणून गोठ्यात लावली. मी कोर्टात होतो. संध्याकाळी आलो तेव्हा ती जागेवर होती, एवढं पाहिलं आणि जेवलो.

दुसऱ्या दिवशी शेतावर पोळ्याला जायचं होतं. सकाळी मी गाडी काढायला निघालो तर वडील आडवे आले. म्हणाले, "आज राहू दे. आज पोळा हाय, आज जुंपत नाही." मी म्हणालो, बाबा, बैल कोण जुंपतोय, आपण मोटारीने जातोय. ते रेल्वेने जाऊ, असं पुटपुटले. मी ऐकलं नाही. ऐकून घेणं हा माझा धंदा नव्हता.

बोरीच्या अलीकडे रस्त्यावर समोरून सजवलेले बैल आले. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, मागे माणसं. मी ब्रेक दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी जोरात डावीकडे ओढली गेली, नालीवरून उडाली आणि कापसाच्या पऱ्हाटीत घुसली. एक बैल बिथरून दावं तोडून पळाला, त्याला धरायला दहा माणसं धावली. मागे बायको होती, तिचं कपाळ समोरच्या सीटवर आपटलं. वडील माझ्या शेजारी दोन्ही हातांनी काठी धरून बसले होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तो पाहून मी आतून हादरलो. हादरलो की मला राग येतो. कालच गाडी गॅरेजातून आली, म्हणजे दोष कुणाचा हे ठरवायला मला नालीतून बाहेर यायचीही गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी मी गाडी बैलाच्या चालीने चालवत गॅरेजात नेली. वडील सोबत आलेच. बसस्टँड भरलेला, दोन वकील सुपारी कातरत उभे, जिनिंगचा मॅनेजर आपली गाडी दाखवायला आलेला. याहून चांगलं कोर्ट मला कुठे मिळणार होतं?

मिस्त्री म्हणाला, "साहेब, मी फकत रेडिएटर उतरवला. ब्रेकले माहा हातच लागला नाही."

मी उलटतपासणी सुरू केली. गाडी तुमच्याकडे येण्याआधी ब्रेक लागत होता की नाही? लागत होता. तुमच्याकडून गेल्यावर लागला की नाही? नाही लागला. मधल्या वेळात गाडी कुणाच्या ताब्यात होती? तो म्हणे, माह्या. मग मी लोकांकडे वळून विचारलं की आता सांगायचं काय उरलं. लोक हसले. मिस्त्री पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिला, की रेडिएटर पुढे असते, ब्रेक चाकात असते, याचा त्याच्याशी संबंध नाही. मी म्हणालो की पऱ्हाटीत गेल्यावर मला हा भूगोल सुचला नाही. माणसं मरता मरता वाचली, असंही म्हणालो. ज्याच्या हातात लोकांचा जीव आहे त्याने एकतर काम शिकावं नाहीतर भजी तळावी, असंही म्हणालो. वडील बाकावरून दोनदा "अरे" म्हणाले. मी थांबलो नाही.

शेवटी त्याने निमूटपणे जॅक लावला आणि पुढचं उजवं चाक उतरवलं. आमच्याकडे पाठ करून तो आत हात घालून बसला. बोटं बाहेर काढून त्याने अंगठ्यावर घासली, मग नाकाजवळ नेली. मान वळवून बाकाकडे पाहिलं. वडील बसगाड्या बघत होते. मिस्त्रीने घासलेटात चिंधी बुडवून आतलं सगळं पुसलं, ब्रेकच्या पट्ट्यांना पॉलिश कागद मारला आणि उठून उभा राहिला.

"चूक माहीच झाली, साहेब," तो म्हणाला. "माह्या हातचं ग्रीस आत गेलं. चार लोकायपुढं सांगतो."

त्या क्षणी मला जो आनंद झाला तो लपवण्यात अर्थ नाही. मी ही कथा बाररूममध्ये सांगितली, डॉक्टरांकडे सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली. दर वेळी माझा एखादा प्रश्न वाढायचा आणि मिस्त्री जरा जास्त अडखळायचा. व्हायचं तेच झालं. ज्येष्ठ वकिलांनी आपली गाडी यवतमाळला न्यायला सुरुवात केली. जिनिंगच्या मॅनेजरनेही तेच केलं. चांगल्या गाड्या जाऊन लिंबाखाली सायकली आणि पाण्याची इंजिनं दिसू लागली. मी मात्र त्याच्याकडेच जात राहिलो आणि त्याला आपण मोठ्या मनाने सांभाळून घेतलं, असं स्वतःला समजावत राहिलो. पुढे कधीही गाडी दिली की मी म्हणायचो, मिस्त्री, ब्रेक पाहून द्या बरं. तो म्हणायचा, होय साहेब.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी कोर्ट लवकर सुटलं. मी घरी आलो तर गोठ्यात वडील. हातात पळसाचं पान, पायाशी कोमट तूप-हळदीची वाटी. त्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना ऊन तूप-हळद चोळायची आणि उद्या जेवायला या म्हणून बैलांना आवतण द्यायचं. वडील ते मोटारीला देत होते. पळसाच्या पानाने तिच्या पुढच्या मडगार्डवर तूप चोळत होते, अगदी हलक्या हाताने, खालचं कातडं दुखू नये अशा बेताने.

मी विचारलं, बाबा, हे काय?

"वर्षभर तुले वाह्यते ते. तिचा नाही काय पोळा?" ते म्हणाले. मग जरा अभिमानानेच सांगू लागले, "मांगच्या साली मी चुकलो होतो. भार चाकावर असते म्हणून चाकाच्या वाटीखालच्या भोकातून तूप आत वतलं. ह्या एकाच चाकाले. ते भिंतीकडचं हाती नाही आलं. मंग मिस्त्रीले इचारलं, तं त्यानं सांगतलं, आबाजी, खांदा चाकात नाही, इथी वरतं असते."

चाकावरची वाटी काढली की आत बोटभर भोक दिसतं. ब्रेक कमीजास्त करायला मिस्त्री त्यातूनच पेचकस घालत असे. वडिलांनी ते बाकावर बसून शंभरदा पाहिलं होतं. उजव्या चाकाचा ब्रेक तुपाने घसरला, डाव्याचा लागला, म्हणून गाडी डावीकडे गेली. एक बैल जेवायला बोलावला होता, दुसरा राहिला होता. वडिलांनी पान तुपाच्या वाटीत बुडवलं आणि पुढे चोळू लागले.

मी कोटही न उतरवता तडक गॅरेजात गेलो. मिस्त्री एका सायकलीचं पंक्चर काढत होता. मी म्हणालो की मला सगळं कळलं. आणि मग, लाज वाटायच्या ऐवजी, पुन्हा चिडलो. त्याच दिवशी का नाही सांगितलं, वर्षभर मला मूर्ख का ठेवलं, असा उलट त्यालाच जाब विचारला.

त्याने ट्यूब पाण्यातून बाहेर काढली. "साहेब, मी मिस्त्री हावो, मले बोलणे आयकाची सवय हाय. आबाजी तथीच बसून होते. मी तुपाचं नाव घेतलं असतं, तं तुम्ही त्यायले काय काय बोलले असते?"

मी काय काय बोललो असतो ते मला शब्दन्‌शब्द ठाऊक होतं.

उद्याच बाररूममध्ये खरं सांगतो, असं मी म्हणालो. तो नको म्हणाला. वकील लोक आबाजीला हसतील, एवढंच म्हणाला आणि ट्यूब पुन्हा पाण्यात धरली.

म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःविरुद्ध खोटी साक्ष दिली. बाररूममध्ये सांगितलं की चाक करकरत होतं म्हणून मीच त्या भोकातून तेल ओतलं होतं, आणि मिस्त्रीने आपल्या अंगावर घेऊन माझी अब्रू झाकली. जे हसू झालं ते पुढे मी काम सोडेपर्यंत टिकलं. माझा अशील कोर्टात घसरला की समोरचा वकील हळूच विचारायचा, तेल घातलं होतं का? जिनिंगचा मॅनेजर परत मिस्त्रीकडे आला. ज्येष्ठ वकील यवतमाळलाच जात राहिले. मी त्यांच्यापुढे किती शपथा घेतल्या, तरी एकदा मी त्यांच्या मनात भरवलेलं मलाच काढता आलं नाही.

ही तेलाची गोष्ट डॉक्टरांकडून आमच्या घरी पोचली. संध्याकाळी जेवताना वडिलांनी घास खाली ठेवला.

"तूही वतलं होतं काय चाकात?" त्यांनी विचारलं. मी होकारार्थी मान हलवली.

त्यांनी माझ्याकडे फार निराशेने पाहिलं. "मलेही नव्हतं समजत," ते म्हणाले. "पण मी मिस्त्रीले इचारलं. तुले इचाराले काय झालतं?"