येतो म्हणालेला माणूस

आमचा काका शिंपी. "हात वर", "वळा" आणि "सोमवारी", दुकानात एवढंच बोलायचा. गिऱ्हाईक गप्पांना लागलं की हा तोंडात टाचण्या धरायचा, म्हणजे उत्तर द्यायची कटकटच नको! दोघांच्या वाटचं काकूच बोलायची. ती गेली आणि त्या घरात शब्द म्हणून उरला नाही. मी डबा घेऊन गेले की नुसती मान हलवायचा, झालं.

मग मुलानं त्याला परदेशी बोलावून घेतलं. मुलगा-सून सकाळीच कामावर जायचे. काका चौथ्या मजल्यावर खिडकीशी बसून राहायचा. घर खायला उठत असणार, पण फोनवर विचारलं की ठरलेलं उत्तर, "बरं आहे."

एकदा जिना उतरताना त्याच्या चपलेचा अंगठा तुटला. कोपऱ्यावर एका म्हातारीचं चपला-बूट दुरुस्तीचं दुकान होतं, एवढुसं. नाइलाजानं शिरला. तिनं अंगठा शिवून दिला, स्टूल पुढे सरकवलं आणि चहा दिला. एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, आणि बहुतेक म्हणूनच आमचा घुम्या बोलायला लागला. चक्क मराठीतून! मशीनबद्दल, काकूबद्दल, सुनेच्या अळणी भाजीबद्दल. म्हातारी हूं हूं करायची. काका रोज जायला लागला.

निघताना मात्र त्याला तिच्या भाषेत बोलायची हौस. मुलाकडून एक शब्द पाठ करून घेतला आणि रोज दारातून हात हलवत तिच्या भाषेत म्हणायचा, "येतो!"

एक दिवस जाऊन बघतो तर स्टूल आत उचलून ठेवलेलं आणि म्हातारी लालबुंद. घड्याळाकडे बोट, किटलीकडे बोट, तोंडाचा पट्टा चालू. काकाला काही उमजेना. शेवटी मुलाला फोन लावून तिच्या कानाशी धरला. फोन परत काकाच्या कानाशी आला तेव्हा मुलगा हसत सुटला होता. "बाबा, तुम्ही येतो म्हणून निघता, ती खरंच थांबते. चहा झाकून ठेवते, दुकान उघडं ठेवते. म्हणते, हा माणूस थापाड्या आहे."

काकाला हसू आलं नाही. मला सांगतानाही आलं नाही. "अगं, कुणीतरी माझी वाट बघत होतं," म्हणाला, "आणि मला पत्ताच नाही."

मग मुलाकरवी तिला समजावलं, की आमच्यात निघताना जातो म्हणत नाहीत, येतोच म्हणतात. जातो म्हणजे कायमचं. म्हातारीनं आपला मराठी 'येतो' तोंडात घोळवून पाहिला आणि स्टूल पुन्हा बाहेर आलं. काकूसुद्धा ऑपरेशनला आत नेताना "येते हं" म्हणाली होती. हेही काका त्या स्टुलावर बसून बोलला होता. आम्हाला तो परत आल्यावर कळलं. मला रागच आला. आम्ही काय मेलो होतो?

परतायचा दिवस आला तसा त्याचा जीव खालीवर. येतो म्हणावं तर ती बिचारी वाट बघत बसायची. म्हणून त्यानं मुलाकडून तिच्या भाषेतला 'जातो' मागून घेतला. जन्मात कधी तोंडातून न काढलेला शब्द. चहा संपवला, उभा राहिला आणि म्हणाला एकदाचा.

म्हातारीनं हातातला बूट खाली ठेवला. त्याच्या नाकासमोर बोट नाचवून मराठीतून दटावलं, "येतो!"

"येतो," काका म्हणाला.

आता त्याच्या दुकानात मशीनशेजारी एक स्टूल असतं. नुसता पत्ता विचारायला आलेल्यालाही बसवतो, कुठून आलात, जेवलात का, सगळी चौकशी. टाचण्या उशीत टोचलेल्या. गल्ली म्हणते, म्हातारा परदेशात जाऊन सुटलाय. पण संध्याकाळी शटर ओढलं की कुलूप हातात घेऊन पायरीवर बसून राहतो. काल मी म्हटलं, "काका, चल ना घरी."

"ती दुकान बंद करत नसेल गं," तो म्हणाला. "मी सांगितलं होतं तिला, जातो म्हणून. ऐकलंच नाही तिनं."