तुलनेचा वर्ग

शाळेत तिला सगळे पुरावाबाई म्हणत. हे नाव पडलं एका प्रशिक्षणात. सुट्टीत सगळ्या शिक्षकांना एका हॉलमध्ये कोंडून एक व्याख्याते मेंदूचा डावा भाग आणि उजवा भाग समजावत होते. डाव्या हाताने उजवा कान धरून पाढे म्हटले की म्हणे दोन्ही भाग जागे होतात. झालं, निवृत्तीला टेकलेले शिक्षकसुद्धा निमूटपणे कान धरून उभे राहिले. ही एकटी खुर्चीत बसून म्हणाली, "सर, हे कुणी तपासलंय का? कान धरलेली मुलं आणि न धरलेली मुलं, अशी तुलना करून?" व्याख्याते हसून म्हणाले, "बाई, अनुभव हाच पुरावा." तर ही म्हणते, "मग आमच्याकडे रोज शिक्षा म्हणून कान धरून उभी राहणारी पोरं एव्हाना पंडित व्हायला हवी होती." हॉल खोखो हसला, व्याख्याते लालबुंद झाले, आणि बाईंना नाव चिकटलं ते चिकटलंच.

तसं तिचं काही चुकत नव्हतं. शिकवण्याच्या धंद्यात जेवढ्या थापा खपतात तेवढ्या भर बाजारातही खपत नसतील. कुणी येतो, भिंतीवर रंगीत तक्ते लावा म्हणतो, लावले. दुसरा येतो, तक्त्यांनी मुलांचं लक्ष उडतं म्हणतो, काढले. त्याने मुलांचं काय झालं हे विचारायची पद्धतच नाही. पुरावाबाई सुट्टीच्या दिवशी वाचनालयात बसून मुलांना वाचायला कसं शिकवावं यावरचे अभ्यास वाचायची आणि सोमवारी मोठ्या उत्साहाने शिक्षकांच्या खोलीत सांगायला जायची. ती दारात दिसली की माणसं चहाचे कप उचलून खिडकीकडे सरकायची.

तिचा खरा राग होता तो कोरसवर. पहिलीच्या दोन तुकड्या होत्या. अ तुकडी तिची, ब तुकडी भोंगामास्तरांची. मास्तरांचा आवाज पार मैदानापलीकडे जायचा म्हणून हे नाव. माणूस मायाळू, पोरांवर कधी हात उचलला नाही. पण शिकवणं म्हणजे काय, तर ते एक ओळ म्हणणार आणि सगळा वर्ग ती ओळ ओरडून म्हणणार, बोट पुस्तकावर ठेवून. थोड्या दिवसांत धडा तोंडपाठ. कुणी तपासायला आलं की पोरं पुस्तक उघडून धडाधडा म्हणून दाखवत. बघणारा खूश, मास्तर खूश, आईबापही खूश. पोराला वाचायला येतंय की नुसतं पाठ आहे, हे बघायला कुणाला वेळ होता?

पुरावाबाई म्हणायची, अक्षराचा आवाज शिकवा, आवाज जोडायला शिकवा, आणि प्रत्येक मुलाकडून रोज एक न पाहिलेलं वाक्य एकट्याने वाचून घ्या. ती हेडसरांच्या इतकी मागे लागली की ते टेकीला आले. शेवटी म्हणाले, "बाई, हे अभ्यास दुसरीकडचे. आपल्या मुलांवर हे चालतं याला पुरावा काय?"

तिचाच प्रश्न तिच्याच गळ्यात. ती नाही कशी म्हणणार? उलट तिला आनंदच झाला. ठरलं असं की एक वर्ष अ तुकडीला नव्या पद्धतीने शिकवायचं आणि ब तुकडी मास्तरांच्या पद्धतीने चालू ठेवायची. वर्षाअखेरीस बाहेरचं कुणी तरी येऊन दोन्ही तुकड्या तपासेल. पद्धत चांगली निघाली की पुढच्या वर्षी ती दोन्हीकडे. आणि हुशार मुलं एकीकडे गेली असं कुणी म्हणायला नको म्हणून सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात टाकून काढायच्या. हा आग्रह तिचाच, आणि चिठ्ठ्या काढणारा हातही तिचाच.

त्या डब्यात तिच्या भाचीची चिठ्ठी होती. बाईंनी लग्न केलं नव्हतं. धाकटा भाऊ, वहिनी आणि त्यांची ही एकुलती मुलगी यांच्याबरोबर ती राहायची. भाचीची चिठ्ठी निघाली ती ब तुकडीत. हेडसर व्यवहारी माणूस. डोळे मिचकावून म्हणाले, "घरचीच पोर आहे, टाका अ मध्ये. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," बाई म्हणाली, आणि चिठ्ठी ब च्या ढिगात ठेवली. त्या दिवशी ती ताठ मानेने घरी आली. इतक्या प्रामाणिकपणे वागल्याचा तिला अभिमान वाटत होता, आणि तो अभिमानच पुढे सगळ्यांना भोवला.

पोर गोड आणि पाठांतरात पक्की. संध्याकाळी वहिनी शिलाईच्या मशीनवर बसलेली असायची आणि पोर तिच्या पायाशी पुस्तक उघडून ठणठणीत आवाजात धडा म्हणायची. "वन्सं, बघा कशी वाचते," वहिनी कौतुकाने म्हणायची. बाई बघायची. पोरीचं बोट एका शब्दावर आणि तोंडात भलताच शब्द. ओळ संपली तरी बोट मधेच, कधी बोट ओळीच्या शेवटाला पोचलं तरी तोंड चालूच. मग ती उठून आपल्या खोलीत जायची.

वहिनीच्या लक्षात यायला दिवाणखान्यातलं कॅलेंडर पुरलं. तिने सहज विचारलं, हा वार कुठला, आणि पोर कॅलेंडरकडे न बघता आईच्या तोंडाकडे बघत राहिली. वहिनी तडक बाईच्या खोलीत आली. "वन्सं, तिला काही म्हणजे काहीच वाचता येत नाही. तुम्ही एवढ्या पोरांना शिकवता, जरा हिला घेऊन बसा ना."

"वहिनी, मी घरी शिकवलं तर सगळी तुलनाच बिघडते. ब मधल्या बाकीच्या मुलांच्या घरी अशा आत्या आहेत का? एका वर्षाचा तर प्रश्न आहे. पुढच्या वर्षी मीच शिकवीन."

"तुलना?" वहिनी म्हणाली. "पोरगी आहे ती."

भाऊही एकदा दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, कुणाला सांगणार नाही आम्ही." बाईने त्याला समजावलं की लपवून केलेल्या गोष्टीला पुरावा म्हणत नाहीत. भाऊ साधा, त्याने मान हलवली. शिकलेल्या बहिणीपुढे तो नेहमीच मान हलवायचा. मग पोर रोज संध्याकाळी कोरस घोकत राहिली आणि वाचायला शिकवणारी अख्खी बाई भिंतीच्या पलीकडे दुसऱ्यांच्या पोरांसाठी वाक्यं लिहीत बसली. काय म्हणावं याला? बुद्धी असलेल्या माणसालाच असा वेडेपणा सुचतो.

वर्षाअखेरीस तपासनीस बाई आल्या. प्रत्येक मुलासमोर कधीच न पाहिलेली वाक्यं ठेवली. अ तुकडीतली पोरं अडखळत का होईना, पण वाचत गेली. ब तुकडीतली बहुतेक पहिल्याच शब्दाला थांबली. चहा घेताना तपासनीस हसत हसत सांगू लागल्या, "एक मुलगी तर कमालच होती. माझ्या कागदावर बोट फिरवत तिने पुस्तकातला अख्खा धडा म्हणून दाखवला. एक शब्द चुकली नाही. आणि वर मला विचारते, झालं ना?" सगळे हसले. पुरावाबाईला ती मुलगी कोण हे विचारावं लागलं नाही. तिने कप तसाच खाली ठेवला.

आणि तरी, खरं सांगायचं तर, त्या दिवशी ती आतून सुखावली होती. पद्धत चालली होती. आता दोन्ही तुकड्या वाचणार होत्या.

शाळेच्या संचालक मंडळाची बैठक झाली. अध्यक्षांनी बाईची पाठ थोपटली, टाळ्या वाजल्या. मग निर्णय वाचून दाखवला गेला. दुसरीत वाचता येणारी मुलं अ मध्ये, न येणारी ब मध्ये. अ ला पुरावाबाई, ब ला भोंगामास्तर. फाटकावर मोठा फलक लागणार होता: संशोधनाने सिद्ध झालेली वाचनपद्धती, प्रवेश मर्यादित.

"सर, हे असं ठरलं नव्हतं," बाई उठून उभी राहिली. "नवी पद्धत दोन्हीकडे न्यायची होती."

"मास्तरांना या वयात नवीन काय शिकवता?" हेडसर म्हणाले. "आणि पालकांना चांगली तुकडी कुठली ते कळायला नको?"

"मग मला ब द्या."

"फलकावर तुमचं नाव आहे बाई. अ च्या पालकांना काय सांगू? आणि पुरावा तुमचाच आहे. अ पुढे, ब मागे. आम्ही का मनाचं बोलतोय?"

ती बोलत राहिली, पण अध्यक्ष पुढच्या विषयावर गेले होते. आयुष्यभर जो शब्द तिने इतरांच्या तोंडावर मारला तोच आता तिच्या तोंडावर पडला.

घरी तिने सांगितलं, पोर पुन्हा ब मध्येच. वहिनीने मशीनचं चाक हाताने थांबवलं. "तुमचं चांगलं झालं ना वन्सं," एवढंच म्हणाली आणि पुन्हा शिवायला लागली.

थोड्या दिवसांनी बाई अक्षरांचे पुठ्ठे घेऊन भाचीशेजारी बसली. पोर सुट्टीतही बाहेर खेळायला जाईनाशी झाली होती. नव्या ब तुकडीला गल्लीतली मुलं कच्च्यांची तुकडी म्हणत होती. बाईने पहिला पुठ्ठा समोर धरला. पोरीने तो पाहिला, मग आत्याकडे पाहिलं.

"आत्या, मला येत नाही हे तुला आधीपासून माहीत होतं?"

खोटं बोलणं बाईला कधी जमलं नव्हतं. "हो."

"मग शिकवलं का नाही?"

"एका तुकडीला शिकवायचं आणि एकीला नाही, म्हणजे शिकवल्याने काय होतं ते कळतं."

"मग कळलं का?"

"कळलं."

पोरीने पुठ्ठे गोळा केले, नीट एकावर एक ठेवले आणि आत्याच्या मांडीवर परत दिले. "मग आता कशाला शिकवतेस?" असं म्हणून ती आईच्या पायाशी जाऊन बसली.