सिस्टरची झडती

डोकं तापलं की माणसाला डोळे असून दिसत नाही, असं माझी आई म्हणायची. ती गेली तेव्हा मी वीस वर्षांची होते, आणि माझं डोकं तर सदा चुलीवरच. पुढे जे झालं त्याचा दोष मी त्या डोक्यालाच देते. दुसऱ्या कुणाला कसा देणार?

साकीनाक्याच्या चाळीत आम्ही दोघंच राहायचो, बाबा आणि मी. बाबा जवळच्याच एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. एक दिवस वरून लोखंडी पाइप सुटला आणि त्यांच्या डोक्यात बसला. टाके भरले, जखम बरी झाली, पण त्यांना फिट यायला लागल्या. काम सुटलं. डॉक्टरांनी दिवसाला तीन गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, "एकही चुकता कामा नये. मोठी फिट आली तर जिवावर बेतेल."

मी मालाडला एका ऑफिसात टायपिस्ट होते. सकाळी आठला निघायचे ते संध्याकाळी सातला परत. दिवसभर बाबांकडे कोण बघणार? म्हणून मरोळच्या गावठाणातून सिस्टर यायला लागली. साठी उलटलेली, अंगात पांढरा फ्रॉक, हातात काळी छत्री आणि रेक्झिनची पिशवी. लग्न केलेलं नाही. बोलणं अगदी मोजकं. सकाळची आणि दुपारची गोळी ती द्यायची, रात्रीची मी.

तिची माहिती मला मिळाली ती शेजारच्या काकूंकडून. काकूंना अख्ख्या चाळीची कुंडली पाठ.

"तुला माहितीये का गं, ही लढाईत होती. मिलिटरीची नर्स. सिंगापूरला जपान्यांनी धरली. साडेतीन वर्षं त्यांच्या कैदेत!"

"मग?"

"मग काय? बरोबरच्या कितीतरी जणी तिथंच मेल्या. ही कशी जिवंत परत आली? गावठाणातली माणसं अजून विचारतात. काहीतरी केल्याशिवाय का कुणी तिथनं सुटतं?"

मी काकूंना उडवून लावलं. पण एकदा कानात घातलेलं बाहेर थोडंच निघतं? त्या दिवसापासून मी सिस्टरकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. ती जेवताना भिंतीला पाठ लावून बसायची. पोळी दिली तर अर्धी खायची, अर्धी फडक्यात बांधून पिशवीत टाकायची. दुपारी दार आतून लावून घ्यायची, हे काकूंनी सांगितलं. कशाला गं लावते? आजारी माणसाच्या खोलीत दुपारी काय लपवायचं असतं? एक दिवस निघताना मी तांदळाच्या डब्यात आतून पेन्सिलीची खूण करून ठेवली. संध्याकाळपर्यंत तांदूळ खुणेच्या खाली गेले नाहीत. तरी माझा संशय काही खाली बसला नाही.

आणि मग बाबांच्या फिट परत सुरू झाल्या.

सहा महिने एकही आली नव्हती. सिस्टर आल्यावर दुसऱ्याच महिन्यात तीन आल्या. तिसरी तर रविवारी, माझ्यासमोर. बाबा चहा गाळायला म्हणून उठले आणि स्टोव्हच्या बाजूलाच आडवे झाले. मी स्टोव्ह पायानं ढकलला नसता तर त्यांचं तोंड भाजलं असतं. हातावर तेवढा फोड आला. ते शुद्धीवर आले तेव्हा मी भिंतीला टेकून लहान पोरीसारखी रडत होते. आई गेली होती, आता बाबा गेले तर माझं या जगात उरलं कोण?

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "एवढ्या गोळ्यांवर फिट यायला नको. गोळ्या पोटात जातात ना? देतं कोण?"

घरी येऊन मी गोळ्यांची कागदी पुडी पाटावर ओतली आणि एक एक करून मोजल्या. जेवढ्या संपायला हव्यात तेवढ्याच संपल्या होत्या. म्हणजे गोळी रोज पुडीतून निघत होती, आणि बाबांच्या पोटात पोचत नव्हती! त्यातच बाबांच्या दाढीच्या ब्लेडवर मला पांढरी पूड दिसली. काकूंना दाखवली, तर त्यांनी गालावर हातच मारला. "अगो बाई! गुंगीच्या गोळ्या ना त्या? अशा गोळ्यांना बाहेर गिऱ्हाईक असतं. कुटून नेते वाटतं. मी तुला आधीच सांगितलं होतं."

बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, "तिका काय विचारू नको हां, बाय." बस, एवढंच. मला वाटलं, हिनं बाबांनाही धाकात ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी मी दुपारीच ऑफिसातून निघाले. घरी पोचले तेव्हा चार वाजले होते. दार आतून बंद. मी दोन्ही हातांनी धडाधडा वाजवलं. सिस्टरनं कडी काढली. हातात पिशवी, पायात चपला. त्या दिवशी काकू बाबांपाशी बसणार होत्या आणि तिला लवकर जायचं होतं, हे माझ्या लक्षातच नव्हतं. मला वाटलं, पळतेय.

"थांबा! पिशवी दाखवा."

ती दारातच थांबली.

"दाखवा म्हणते ना! काय काय नेता रोज, कळू दे चाळीला. अंगावर काही असेल तर तेही काढा."

गॅलरीत चार दारं उघडली. काकू सगळ्यांत पुढे. आणि सिस्टरनं जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ती चिडली नाही, रडलीही नाही. तिनं पिशवी उलटी करून सगळं उंबऱ्यावर ओतलं आणि एकेक वस्तू ओळीनं मांडली. जपमाळ, चष्मा, रुमाल, फडक्यात बांधलेली अर्धी पोळी. मग दोन पावलं मागे सरकली. पाय फाकवले, दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत आडवे पसरले, आणि माझ्यासमोर कमरेतून वाकली. वाकून तशीच राहिली. नजर जमिनीवर. मी तिला हे शिकवलं नव्हतं. हे तिला कुणी शिकवलं असेल ते गॅलरीतल्या प्रत्येकाला कळलं. एकेक दार गुपचूप लागलं.

"सिस्टर, सरळ उभ्या राहा," मी म्हटलं. "मग गोळ्या कुठं आहेत?"

"घरातच आहेत," ती म्हणाली. "घरातलं बाहेर नेते ती चोरी. मी चोर नाही."

ती आत गेली. फळीवरच्या मसाल्याच्या डब्यांमागून तिनं दुधाच्या पावडरचा जुना डबा काढला. त्यात कागदाच्या छोट्या छोट्या पुड्या होत्या, प्रत्येकीवर तारीख. मी एक उघडली. आत दोन अर्ध्या गोळ्या, ब्लेडनं अगदी मधोमध कापलेल्या.

"सकाळची अर्धी, दुपारची अर्धी बाजूला," ती म्हणाली. "तुझ्या बापासाठीच. संपल्या म्हणजे?"

"संपल्या म्हणजे दुसऱ्या आणायच्या! डॉक्टर देतात की!"

"तेव्हाही सगळे असंच म्हणायचे. येतील म्हणून." आता ती माझ्याशी बोलत होती की आणखी कुणाशी, देव जाणे. "छावणीत पहिल्या महिन्यात आम्ही पुरा डोस दिला. सगळ्यांना. औषध आलंच नाही. नंतर जी आजारी पडली तिला द्यायला काही नव्हतं. माझ्याच बरोबरीची होती, एकाच बोटीनं गेलो होतो. ती माझ्याकडे बघत बघत गेली. मग मी अर्धं ठेवायला शिकले. अर्ध्यावर माणूस तगतो पोरी, नाहीवर नाही तगत."

मला एवढा राग आला होता, आणि तो ठेवायला आता जागाच नव्हती. तिनं चोरी केली नव्हती. पण बाबांचा जीव तिच्याच हातून जाता जाता राहिला होता, हेही खरंच होतं. मी डबा तिच्यासमोर धरून ओरडले, "अहो, या अर्ध्या गोळीपायी ते स्टोव्हवर पडत होते!"

तिनं डब्याकडे बघितलं, मग बाबांच्या हातावरच्या फोडाकडे. ती खाली बसली. आयुष्यभर नर्स असलेल्या बाईला ते समजायला वेळ लागला नाही. तिचं तोंड पार उतरलं.

कॉटवरून बाबा म्हणाले, "माका म्हायत होता गो. पुडी रिकामी होवक लागली की तिचे हात कापत. अर्धी बाजूक ठेवल्यार थांबत. म्हटलंय, ऱ्हवांदे."

"राहू दे काय बाबा? मेला असतात ना!"

ते हसले. मला दोघांच्याही तोंडात द्यावीशी वाटली, आणि मीच रडायला लागले.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांच्याकडून एक जादा पुडी मागून आणली आणि न उघडता सिस्टरच्या त्या डब्यात ठेवली. "ही राखीव," मी म्हटलं. "हिला हात लावायचा नाही. रोजची गोळी अख्खी द्यायची." तिनं मान हलवली. बाबांच्या फिट थांबल्या. पुढे चार वर्षं ती आमच्याकडे येत राहिली, आणि त्या चार वर्षांत गोळी एकदाही चुकली नाही. काकूंशी मात्र मी बोलणं टाकलं. खरं तर स्वतःशीच टाकायला हवं होतं.

कारण एक गोष्ट सुधारली नाही. दुसऱ्याच संध्याकाळी मी सातला घरी आले, सिस्टर निघाली, दारात थांबली, पिशवी उघडून उंबऱ्यावर ठेवली आणि हात पसरून वाकली.

"सिस्टर, नको ना. माझं चुकलं. पाया पडते तुमच्या."

"असू दे. सवय आहे मला," ती म्हणाली. पण मी "जा" म्हटल्याशिवाय तिनं उंबरा ओलांडला नाही. रोज तसंच. मी विनवलं, चिडले, एकदा तर पिशवीच लपवून ठेवली. काही उपयोग झाला नाही. मग मी रोज आल्या आल्या तिच्या आधीच म्हणायला लागले, "जा सिस्टर, जा."

एकदा विसरले. कढी उतू जात होती म्हणून आत पळाले, भांडं उतरवलं, ओटा पुसला, बाबांना ताट वाढलं. पाणी द्यायला म्हणून वळले, तर दारात ती तशीच वाकलेली, हात दोन्हीकडे पसरलेले. मी धावत जाऊन ते हात खाली केले. ते थरथरत होते.