तिला उठवायचं नाही

झोपेतून उठणं ही जर विद्या असेल, तर त्या विद्येसाठी माझ्या रूममेटइतके कष्ट अख्ख्या नाशिक जिल्ह्यात कोणी उपसले नसतील. आम्ही लोक गजर बंद करून पुन्हा झोपायला जन्मलेले. हिला गजर ऐकूच यायचा नाही. कानातलं मशीन रात्री काढून डबीत ठेवलं की हिचं जग बंद. आणि कॉलेजचं प्रॅक्टिकल सकाळी सातला! येवल्याच्या विणकराची ही मुलगी गंगापूर रोडच्या आमच्या होस्टेलवर आली तीच एका अटीवर. तिच्या अब्बांनी बजावलं होतं, "दुसऱ्यानं उठवावं लागत असेल तर बाहेर राहायचं नाही. मी एक दिवस न सांगता येऊन बघेन. झोपलेली दिसलीस, तर बोजाबिस्तरा उचलून घरी." घरी म्हणजे शिक्षण संपलंच.

पहिल्याच दिवशी तिने माझ्याकडून आईची शपथ घेतली. "मला हात लावून उठवायचं नाही. काही झालं तरी."

"आणि आग लागली तर?"

"मला वास येईल," ती म्हणाली आणि गादी झटकायला लागली.

मग प्रयोग सुरू झाले. मोबाइल थरथरता ठेवून उशीखाली घातला, तर उशीनेच ती थरथर गिळून टाकली. मग तो स्टीलच्या डब्यात घालून डबा खाटेच्या लोखंडी पायाला बांधला. दुसऱ्या दिवशी पहाटे असा काही आवाज झाला की अख्खा मजला जागा झाला. रेक्टरबाई केस बांधत धावत आल्या आणि म्हणाल्या, "अगं, बोअर मारताय का खोलीत?" सगळ्या मुली दारात गोळा झाल्या. एकटी ही गाढ झोपलेली, चेहऱ्यावर लहान बाळासारखं समाधान. मी शपथेने बांधलेली, म्हणून गप्प! पुढे तिने मोबाइल ओढणीने पोटाला बांधला. त्याने जाग यायची, पण गुदगुल्यांनी. पहाटे पहाटे शेजारच्या खाटेवर कोणी खदखदून हसायला लागलं की आपल्याला काय वाटतं, ते माझं मलाच माहीत.

पण ही हार मानणारी नव्हेच. होस्टेलच्या तळमजल्यावर एक खोली कायम रिकामी असायची. भिंतीपलीकडेच गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर होती आणि ती पहाटे सुरू झाली की खोलीतल्या बादल्यासुद्धा नाचायच्या. ही रेक्टरबाईंकडे गेली आणि तीच खोली मागून आली. बाईंना आधी ही चेष्टाच वाटली. हिने खाट उभी करून ठेवली, जमिनीवर गादी टाकली आणि म्हणाली, "जमीन हलली की मला बरोबर जाग येते." तशी ती खरंच यायची. तुम्ही विचाराल, मी कशाला गेले तिथे? दुसऱ्या कुणी तिला उठवलं असतं म्हणून. शपथ फक्त माझ्याकडून घेतली होती ना!

आणि एका पहाटे नेमकी वीज गेली. मोटर गप्प. सवयीने मला जाग आली, खिडकीतून बघते तर फाटकाजवळच्या बाकावर पांढऱ्या टोपीतले तिचे अब्बा बसलेले. आदल्या दिवशीच नातेवाइकांकडे येऊन राहिले असणार. चांगलं उजाडलं, तरी ही ढिम्म. आईला मनातल्या मनात हात जोडले आणि हिच्या खांद्याकडे हात नेला.

तेवढ्यात ही ताडकन उठली आणि बाथरूमकडे पळत सुटली. परत आली तरी माझा हात तसाच अधांतरी.

"शपथ?" तिने डोळे वटारले. मग हसून म्हणाली, "वेडी! लाइटचा काय भरवसा? रोज झोपताना दोन तांबे पाणी पिते मी. त्याला लाइट लागत नाही."

कानाला मशीन, खांद्याला बॅग, हातावर पांढरा कोट, अशी ती वेळेवर फाटकापाशी पोचली. अब्बांना बघून आधी दचकली, मग ताठ उभी राहिली. त्यांनी तिला नीट न्याहाळलं आणि मला विचारलं, "कोणी उठवलं हिला? खरं सांग, बेटा."

"कुणी नाही, चाचा. माझ्या आईची शपथ."

त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाले, "जा, उशीर होईल." ती रिक्षा थांबवायला रस्त्यापर्यंत गेली. तिला ओठ वाचता येतात म्हणून असेल, त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि हळूच म्हणाले, "घरी पहाटे मी हातमागावर बसायचो. फणीचा ठोका पडला की जमीन हलायची, अन् पाठीमागं झोपलेली ही उठून बसायची. लहानपणापासून असंच. आता ठोका मारतो अन् रोज मागं वळून बघतो."

"मग घेऊन जायला आला होतात?" माझ्या तोंडून गेलं.

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. रिक्षात बसून ती आम्हा दोघांना जोरजोरात हात हलवत होती. त्यांनीही हात वर केला आणि रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत खाली आणला नाही.