अर्थशास्त्राला एक पोर कमी

भोरच्या कॉलेजात मी तासिकेवर अर्थशास्त्र शिकवत होतो. पहिला धडा ठरलेला, विषयाची व्याप्ती आणि पद्धती. माणूस निवड कशी करतो याचं हे शास्त्र, असं फळ्यावर लिहून वर्षानुवर्षं घसा कोरडा केला. त्या वर्षी स्पेशलला एक पोर कमी पडलं. प्रवेशाचा शेवटचा दिवस; संध्याकाळपर्यंत ते भरलं नाही तर विषय बंद, आणि विषयाबरोबर मीही. चाळिशी उलटलेल्याला मग कोण दारात उभं करणार? सकाळीच मोटारसायकल काढली आणि पासली गाठली. आदल्या वर्षी पुढच्या बाकावर बसणारी एक मुलगी तिथली होती.

ती लावणीला गेली होती, दुसऱ्याच्या भातखाचरात. तिकडे सावड चालते. आज त्यांनी आपल्याकडे लावलं, उद्या आपण त्यांच्याकडे. मजुरी नाही, माणसाला माणूस. मुलगी यायला तयार होती. पण तिची आई चिखलातूनच म्हणाली, की आज आमचं माणूस कमी पडलं तर उद्या आमच्यात कोण उतरंल? मजुरीशिवायचे श्रम धड्यात कुठं बसवायचे हे मलाच कधी उमगलं नव्हतं, तिला काय कपाळ समजावणार! हातापाया पडायचंच बाकी राहिलं. शेवटी वैतागून म्हणालो, तिच्या जागी मी उतरतो.

बाया हसल्या, पण आईनं लगेच मान डोलावली. मुलगी चुलत्याबरोबर माझ्याच गाडीवर भोरला गेली आणि मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ओळीत वाकलो. मी लावलेली रोपं पाण्यावर तरंगायची, शेजारची म्हातारी ती पुन्हा रोवायची. कंबरेचा पार काटा ढिला झाला, तरी मला बरं वाटत होतं. विषय वाचला होता ना.

दुपारी आईचा मोबाईल वाजला. तिनं तो पदराला पुसून माझ्या कानाशी धरला. पलीकडून मुलगी बोलत होती.

"सर, रागावू नका. म्या राज्यशास्त्र घेतलं. बाकीची पोरं बी आज विषय बदलून गेली. एकटी कुठं बसू?"

तिच्यावर ओरडावंसं वाटलं. पण काय म्हणून ओरडणार? विचार करूनच निवडलं होतं तिनं. बरं केलंस म्हणालो, आणि सगळ्या बायांसमोर मला रडू फुटलं.

आई जवळ आली. मग रोपांची एक जुडी माझ्यापुढं टाकून हळूच म्हणाली, "मास्तर, सावड तेवढी पुरी करा."

मी पुन्हा वाकलो. अर्धं खाचर अजून बाकी होतं.