आंब्याखाली उभं राहणारं माणूस

बॅटरीवर चालणारी करवत मी घेतली ती खांद्यापायी. निवृत्तीनंतर उजवा खांदा कुरकुरायला लागला. कुऱ्हाड डोक्याच्या वर जाईना, आणि पेट्रोलच्या मशीनची दोरी ओढू का म्हणून विचारलं तर डॉक्टरांनी हातच जोडले. बऱ्हाणपूरच्या दुकानदाराने ही करवत हातात दिली तेव्हा मी हरखून गेलो. दोन बटणं एकदम दाबली की साखळी फिरायला लागते. दोरी नाही, धूर नाही, आवाजही मिक्सरपेक्षा थोडाच जास्त. घरी आल्या आल्या अंगणातल्या शेवग्यावर आणि कढीपत्त्यावर हात साफ करून घेतला. बायको म्हणाली, "तुळस तेवढी ठेवा."

खरं काम शेतावर होतं. तुकईथडला मोठ्या भावाचं आणि माझं शेत आहे, वाटणी झालेलं. त्याच्याकडे कापूस, माझ्याकडे केळी, आणि मधल्या बांधावर एक आंबा. बाकी सगळ्याचे दोन भाग झाले, आंब्याचे कसे करणार? तो दोघांचा राहिला. बांधावरचं झाड आमच्याकडे एकट्याने छाटत नाहीत. एका घरचं माणूस वर चढतं, दुसऱ्या घरचं खाली उभं राहतं. कुठली फांदी ते खालचा सांगतो, आणि त्याने "बस" म्हटलं की वरच्याने मुकाट्याने उतरायचं. लहानपणी मला वाटायचं, ही भांडणं टाळायची युक्ती आहे. तशी ती आहेच. पण वर चढल्यावर कळतं, वरच्याला फक्त समोरची फांदी दिसते. अख्खं झाड दिसतं ते खालच्याला.

वर नेहमी मी, खाली भाऊ. मी उतावळा, तो सावकाश. तो झाडाभोवती फेऱ्या मारायचा, मधेच थांबून तंबाखू मळायचा, आणि मी वर मुंग्यांचे चावे खात ओरडायचो, "अरे, सांग ना लवकर!" चार वर्षांपूर्वी तो गेला. त्याच्या वाट्याचं शेत आता वहिनी करतात. आंब्याला मात्र पुढची तीन वर्षं कोणी हात लावला नव्हता. त्याची एक फांदी माझ्या केळीवर इतकी पसरली, की त्या सावलीतल्या ओळींचे घड बारीक राहायला लागले.

मागच्या वर्षी आंबे उतरून झाल्यावर मी वहिनींना फोन केला. म्हटलं, "एकच फांदी काढायची आहे."

"काढा ना, भाऊजी," त्या म्हणाल्या. "पण मी नऊ वाजता येते. मी आल्याशिवाय चढू नका."

मी साडेसातलाच पोचलो. बॅटरीवरचे चारही हिरवे दिवे लागलेले, आणि माझे हात शिवशिवत होते. आठ वाजेपर्यंत कसाबसा दम धरला. मग मनात आलं ते जसंच्या तसं लिहितो, कारण त्यात माझं सगळं आलं: वहिनी येऊन असं काय सांगणार आहेत? फांदी तर ठरलेलीच आहे.

ठरलेली फांदी मी नीट कापली. आधी खालून थोडा छेद घेतला, मग वरून. धाडकन खाली गेली. केळीवर ऊन पडलं आणि मला फार बरं वाटलं. मग तिच्या शेजारची एक काढली. मग वाटलं, झाड एका बाजूने उघडं दिसतंय, कापसाच्या बाजूचीही एक घेऊ. आरशासमोर मिशी सारखी करताना होतं तसं झालं. थोडं इकडे, थोडं तिकडे. कुऱ्हाड माणसाला दमवते. दमलेला माणूस घाम पुसतो, पाणी पितो, तेवढ्यात झाडाकडे त्याची नजर जाते. हे मशीन दमूच देत नाही. शेवटच्या फांदीला मी खालून छेद घ्यायचं विसरलो. ती अर्धी कापली न गेली तोच आपल्या वजनाने मोडली आणि जाताना बुंध्याची हातभर साल सोलून घेऊन गेली.

वहिनी आल्या तेव्हा मी शिडीवरून उतरत होतो. त्यांच्या हातात चहाचा थर्मास होता. कापसाच्या बाजूला, जिथे त्या आणि निंदणाऱ्या बाया दुपारी भाकरी खायला बसतात, तिथे आता लख्ख ऊन होतं.

"भाऊजी, तुम्ही तर एक फांदी सांगितली होती."

"जरा बॅलन्स करून राहिलो होतो, वहिनी."

त्यांनी सोललेल्या बुंध्याकडे पाहिलं. मग शांतपणे विचारलं, "हे असते, तर त्यांना सोडून चढले असते का तुम्ही?"

नसतो चढलो. दुपार झाली असती तरी बांधावर बसून वाट पाहिली असती, त्याला शिव्या घातल्या असत्या, पण चढलो नसतो. मला लाज वाटली. झाडाची तर वाटलीच. पण भाऊ गेल्यावर खालची जागा रिकामी झाली असं मी धरून चाललो होतो, आणि ती जागा तीन वर्षं वहिनींची होती, हे त्यांनाच मला विचारून सांगावं लागलं, याची जास्त वाटली.

त्यांनी हात पुढे केला. "ती बॅटरी काढून द्या. मशीन तुमचं. बॅटरी माझ्याकडे राहील."

लाज वाटत असताना माणसाला राग लवकर येतो. मी फणकारलो, "मी काय चोर आहे का?"

"चोर कशाला? घाईचे आहे तुम्ही," त्या म्हणाल्या, आणि हात तसाच धरून उभ्या राहिल्या.

मी बॅटरी दिली. चहा मात्र घेतला नाही. घरी येऊन बायकोला सगळं तावातावाने सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलं त्यांनी." वर्षभर मशीन खिळ्याला लटकत राहिलं. राग दोनतीन महिने टिकला. पुढे तो आणायचा म्हटलं तरी येईना.

यंदा केळीवर पुन्हा एक फांदी झुकायला लागली. मी फोन केला. त्या एवढंच म्हणाल्या, "या. नऊ वाजता."

मी पोचलो तेव्हा त्या आधीच बांधावर होत्या. कापडी पिशवीतून बॅटरी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. दाबून पाहिली, चारही दिवे लागले.

"महिन्या-महिन्याला चार्ज करत होती मी," त्या म्हणाल्या. "पडून खराब नको व्हायला."

मी बेचक्यात जाऊन बसलो. वहिनींनी झाडाभोवती एक फेरी मारली. मग कापसात लांब जाऊन, डोळ्यांवर हात धरून पाहत राहिल्या. मुंग्या चावत होत्या. मी ओरडलो नाही. बुंध्यावरच्या जखमेच्या कडेने नवी साल धरायला लागली होती, पण मधलं लाकूड अजून उघडंच होतं. त्या परत आल्या आणि त्या जखमेपाशीच थांबल्या. बराच वेळ थांबल्या.

"भाऊजी, यंदा काहीच कापू नका," त्या खालून म्हणाल्या. "ही जखम अजून भरू द्या. उतरा."

केळीवरची फांदी माझ्यापासून हातभर लांब होती, आणि बॅटरी पूर्ण भरलेली. मी उतरलो.