दोन्या कुकांचा अर्ज

विद्यापीठातल्या आमच्या लॅटिनो, म्हणजे घरी स्पॅनिश बोलणाऱ्या, विद्यार्थ्यांच्या कार्यालयात शिरलं की आधी दोन्या कुकांचं टेबल लागायचं, आणि ते चुकवून पुढे सटकणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. खरं नाव रेफुहिओ मोंतान्यो. पण आमच्या लोकांत रेफुहिओ नावाच्या प्रत्येक बाईची कुका होते, आणि बाई वडीलधारी झाली की पुढे दोन्या लागतं. हुद्दा म्हणाल तर कारकून. फोन घ्यायचे, कागद लावायचे, प्रिंटरशी भांडायचं. त्याआधी अकरा वर्षं त्या पीचच्या शेडमध्ये फळं निवडायला होत्या. सरकत्या पट्ट्यावरच्या हजार फळांतून डागाळलेलं नेमकं उचलायची त्यांची नजर टेबलावरही तशीच राहिली होती. तुम्ही दारात नुसते उभे राहिलात तरी तुमचं काय बिनसलंय ते त्यांना कळायचं.

मी ओतिलिया. मीही त्याच नजरेखालून गेले.

दर एप्रिलमध्ये आमच्याकडे ओळखींची संध्याकाळ असायची. जुने विद्यार्थी यायचे, कुणी अभियंता, कुणी परिचारिका, कुणी वकील झालेले, आणि नव्यांनी त्यांना भेटून उन्हाळ्यापुरतं काम, एखादं शिफारसपत्र, निदान चार गोष्टींचा सल्ला मिळवायचा. आमच्यापैकी बहुतेकांचे आईबाप शेतमजूर. कॉलेजचं तोंड पाहिलेले घरात आम्हीच पहिले. पहिल्या वर्षी मी मामेबहिणीचा कोट घालून गेले आणि चाळीस मिनिटं कॉफीच्या भांड्याशेजारी उभी राहिले. चार कप प्यायले. पाचवा भरताना दोन्या कुका आल्या.

"कॉफी प्यायला आलीस का गं?"

मी म्हटलं, इथं माझ्या ओळखीचं कुणी नाही.

"तुझ्या आत्याच्या साठीला किती माणसं होती?"

"असतील शंभरेक."

"सगळी ओळखीची?"

"निम्मीसुद्धा नाही."

"मग काय केलंस? कॉफी पीत बसलीस?"

काय करणार, सगळे करतात तेच केलं होतं. दारातून आत गेल्यावर उजवीकडून सुरुवात, एकेकाचा हात हातात घ्यायचा, वडीलधाऱ्यांच्या गालाला गाल लावायचा, एकालाही वगळायचं नाही. आमच्यात एखादं माणूस चुकून राहिलं तर तुमच्या आईला त्याचे टोमणे तीन वर्षं ऐकावे लागतात. दोन्या कुका म्हणाल्या, इथंही तेच करायचं. फक्त एक गोष्ट जास्तीची.

"नाव सांग, गाव सांग, काय शिकतेस ते सांग. आणि तुला काय हवंय ते तोंडातून निघेपर्यंत समोरच्याचा हात सोडायचा नाही."

मेख होती ती इथंच. स्वतःसाठी काही मागायचं नाही, जो मागतो तो निर्लज्ज, हे आम्हाला दुधाबरोबर पाजलेलं असतं. माझ्या वडिलांनी बदामाच्या बागेत वीस वर्षं काढली, मुकादमाकडे कधी हातमोजासुद्धा मागितला नाही. मी एका वकीलबाईंचा हात धरला तो इतका वेळ, की त्या बिचाऱ्या सुटकेसाठी इकडंतिकडं बघायला लागल्या. शेवटी मी सांगून टाकलं, मला उन्हाळ्यात असं काम हवंय जिथं पंखा असेल. त्या खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, आमच्याकडे दोन आहेत, सोमवारपासून ये.

अशी किती पोरं त्यांनी त्या संध्याकाळी दारातून आत ढकलली असतील, देव जाणे. मधल्या काळात त्या स्वतःही शिकत होत्या, हे मात्र बरेच दिवस कुणाला माहीत नव्हतं. एका सत्रात एक विषय, तोही जेवणाच्या सुट्टीत. नवरा लासारो ट्रक चालवतो, तो गाडीत त्यांची प्रश्नोत्तरं घ्यायचा. संख्याशास्त्रात त्या एकदा नापास झाल्या तेव्हा तो म्हणाला, आपण दोघंही परत बसू. बारा वर्षं लागली. सत्तावन्नाव्या वर्षी पदवी मिळाली, आणि स्वतःच्याच समारंभात बाई सगळ्यांना घेवड्याची उसळ वाढत हिंडत होत्या.

त्याच वसंतात मी जिथं नोकरी करते त्या दोन वर्षांचे अभ्यासक्रम असणाऱ्या कॉलेजात विद्यार्थी सल्लागाराची जागा निघाली. पदवी हवी, नवख्या मुलांशी बोलायची हातोटी हवी. जाहिरात वाचून मला वाटलं, कुणीतरी दोन्या कुकांना समोर बसवून लिहिलीय. मी लगेच फोन केला. मुदत शुक्रवारपर्यंत होती. बघते, म्हणाल्या, आणि दोन दिवसांनी भरलेला अर्ज नजर टाकायला पाठवला.

माझं डोकंच तापलं. 'आपली कामगिरी' या रकान्यात लिहिलं होतं: एल्मर किंतेरो, पाटबंधारे खात्यात अभियंता. युरिदिया साल्सेदो, मुलांच्या इस्पितळात परिचारिका. अशी एकतीस नावं. आणि स्वतःच्या अनुभवापुढे दोनच शब्द, 'कार्यालयीन काम'.

"दोन्या कुका, हा अर्ज तुमचा की एल्मरचा?"

"खोटं काय आहे त्यात? पोरांनी केलं ते पोरांचं. मी काय केलं, खुर्ची सरकवून दिली."

"असं लिहिलंत तर कुणी बोलावणार नाही तुम्हाला."

"मग नको बोलावू देत. स्वतःचे गोडवे गायचं वय आहे का माझं?" आणि फोन ठेवला. अर्ज काही पाठवायचा नाही, हे त्या ठेवण्याच्या आवाजातच आलं. दुसऱ्यांसाठी दारं ठोठावणाऱ्या बाईची मला त्या दिवशी इतकी चीड आली, की मी घरी भांडी आपटली.

ओळखींची संध्याकाळ त्याच आठवड्यात, बुधवारी होती. आमच्या कॉलेजातून मी होते आणि रुतिलिओ होता. त्याच्याच खात्यात ती जागा होती. रुतिलिओ आता टाय लावतो, पण एके काळी त्यालाही दोन्या कुकांनी कोपरापाशी धरून फिरवलंय. त्या दिवशी त्या कुठं असाव्यात? एप्रन बांधून, जेवणाच्या टेबलामागं, हातात पळी.

मी म्हटलं, जरा इकडं या. उसळ खाली लागेल, म्हणाल्या. मग मी टेबलावरून हात पुढं केला. सवयीनं त्यांनी तो धरला, आणि मी सोडला नाही.

"काय चाललंय तुझं?"

"नाव माहितीये. गाव माहितीये. शिक्षण माहितीये. काय हवंय ते सांगा."

"सोड गं. पोरं बघतायत."

"बघू देत."

"तू माझा हात सोडावास, हे हवंय मला, बस?"

लोक हसले. रांग थांबली होती. रुतिलिओ ताटली घेऊन जवळ येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता त्या हात झटकून स्वयंपाकघरात जातील आणि महिनाभर माझ्याशी बोलणार नाहीत. तेवढ्यात रांगेत पुढं उभी असलेली नायेली, पहिल्या वर्षातली, कुणाशी मान वर करून न बोलणारी पोरगी, हळूच म्हणाली, "मला काय हवंय ते काल तुम्ही तीनदा म्हणायला लावलंत, दोन्या कुका. मी म्हटलं होतं ना?"

दोन्या कुकांनी पळी खाली ठेवली. चेहरा लालबुंद झाला होता. माझ्याकडे न बघता त्यांनी रुतिलिओकडे बघितलं.

"मला ती नोकरी हवी आहे," त्या पुटपुटल्या.

"ऐकू आलं नाही," मी म्हटलं. हे त्या आम्हाला म्हणायच्या.

"मला ती नोकरी हवी आहे. एकोणीस वर्षं मी तेच काम करतेय, फक्त हुद्दा दुसरा होता." मग स्वतःलाच नवल वाटल्यासारख्या म्हणाल्या, "आणि मी ते चांगलं करते."

बर्फाची पिशवी घेऊन दारात उभ्या असलेल्या लासारोनं ती तिथंच टाकली आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच. मी रडले, त्यात लपवायचं काही नाही. रुतिलिओ मात्र शिस्तीत म्हणाला, अर्ज शुक्रवारी पाचच्या आत हवा, तुम्ही आमचा उशीर कधी चालवून घेतला नाहीत. अर्ज गुरुवारी माझ्या टेबलावर नव्यानं लिहिला. एकतीस नावांवरून आमचं पुन्हा वाजलं. शेवटी ती वेगळ्या पानावर जोडली.

खरी पंचाईत पुढं झाली. उमेदवाराला जवळून ओळखणाऱ्यानं मुलाखत घ्यायची नाही, असा कॉलेजचा नियम आहे. रुतिलिओ आपणहून बाजूला झाला. ग्रंथपाल बाईला पहिली नोकरी दोन्या कुकांमुळं लागलेली, ती गेली. व्यायामशिक्षक त्यांच्या मुलीचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता निघाला. गणिताच्या बाईंच्या लग्नात यांनी नाच सुरू करून दिलेला. नेमणुकांचं काम बघणारी बाई यादीवर काट मारता मारता थकली आणि म्हणाली, या इमारतीत त्यांना न ओळखणारं कुणी आहे का? शेवटी तिघं सापडले. जानेवारीत ओहायोहून आलेले वनस्पतिशास्त्राचे शिक्षक, कुणाशीच न बोलणारे वेल्डिंगचे मास्तर आणि दुसऱ्या आवारातला एक अधिकारी.

मुलाखत काचेच्या खोलीत होती. आम्हा बाकीच्यांना त्या दिवशी नेमकी त्याच बोळातल्या झेरॉक्सवर कामं निघाली. अकरा जण होतो. आत काय झालं ते दोन्या कुकांनी नोकरीवर रुजू झाल्यावर मला सांगितलं. सगळं ठीक चाललं होतं. शेवटी ओहायोचे शिक्षक फार सौजन्यानं म्हणाले, "बाई, हे काम माणसं जोडण्याचं आहे आणि तुम्ही इथं अगदी नव्या. ओळखी व्हायला किती वेळ लागेल, असं वाटतं?"

दोन्या कुकांना खोटं बोलायचं नव्हतं आणि फुशारकीही मारायची नव्हती. त्यांनी काचेबाहेर आमच्याकडे एकदा पाहिलं.

"आठवडाभर द्या," त्या म्हणाल्या.